'जीभ जड आहे' म्हणून सोडून देऊ नका



गतवर्षी मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. रविवारचा मिस्साबली आटोपून आम्ही पडवीत बसलो असता एक वृद्धा आपल्या नातवाचा हात धरून आमच्यापुढे येऊन उभी राहिली. काळी नदीच्या खोऱ्यातील एका दूरच्या वाड्यावरून ती पहाटेच निघाली होती. मुलाच्या पोटऱ्यांवर जळवांच्या चाव्यांचे डाग अद्याप ओले होते. "फादर, ह्याच्या डोक्यावर हात ठेवा," ती म्हणाली. "सा वर्सांचा झाला. समजतंय सगळं, पन बोलनं येत न्हाई. जीभ जड हाय."

आम्ही हात ठेवला, आशीर्वाद दिला, आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "आजी, चिंता करू नका. कित्येक मुले उशिरा बोलू लागतात. हाही बोलेल." वृद्धेने खाली पाहतच उत्तर दिले, "सुनेला तीन वर्सांमागं बी तुमी असंच सांगिटलं व्हतं, फादर."

वाचकहो, त्या वाक्याने आमची मान खाली गेली. धर्मगुरूच्या मुखातून सहज निघालेला दिलासा खेड्यातील माणसे वैद्याच्या सल्ल्याप्रमाणे मानतात. आमच्या त्या दिलाशावर विसंबून एका कुटुंबाने मुलाची तीन मोलाची वर्षे वाट पाहण्यात घालवली होती. ती वर्षे आम्हांस परत देता येत नाहीत. जे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते आणि त्यानंतर जाणत्यांकडून समजून घेतले, ते ह्या सदरातून मांडणे एवढेच आमच्या हाती आहे.

त्या सकाळी, आपली अडचण झाकण्यासाठीच म्हणा, आम्ही मुलाशी बोलू लागलो. "आत जा, मेजावरची निळी वही आण, लाल आणू नकोस, आणि येताना दार ओढून घे," असे आम्ही त्यास सांगितले. मूल धावत गेले, निळी वही घेऊन आले, दारही ओढून घेतले. कानही शाबूत दिसले, बुद्धीही. मग आम्ही मनोऱ्यातील घंटेकडे बोट दाखवून विचारले, "ते काय?" तो म्हणाला, "आंता." पुन्हा विचारले, तर "गट्टा." तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडले, ओठ पुढे आणले, मागे नेले, जीभ वर लावून पाहिली; अंधाऱ्या खोलीत काडीपेटी चाचपावी तसे त्याचे तोंड काही शोधीत होते; आणि शेवटी आवाजच निघाला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

एवढ्यात अंगणातील कुत्रे वृद्धेच्या पिशवीला झोंबले. मुलाने किंचाळून हाक मारली, "आजी!" स्वच्छ, ठसठशीत, तुमच्याआमच्यासारखी. आम्ही आनंदून म्हणालो, "पाहा, आला की शब्द! आता पुन्हा म्हण पाहू." त्याने प्रयत्न केला. "आई... आदी..." आणि तो रडू लागला. "शेजारी म्हंत्यात, सोंग करतंय पोर," वृद्धा म्हणाली.

सोंग नव्हते. आमच्या दवाखान्यातील सिस्टर तेथेच उभ्या होत्या. त्यांनी एवढेच सांगितले की प्रथम कानांची परीक्षा यंत्रावर करून घ्यावी आणि नंतर वाचा-उपचार जाणणाऱ्या व्यक्तीकडे न्यावे. महिन्याभराने मुलास बेळगावी नेण्यात आले. श्रवण उत्तम निघाले. जीभ, ओठ, टाळू, घसा ह्यांत काही उणे आढळले नाही. दोन-तीन भेटींनंतर तेथील बाईंनी ह्या विकाराचे नाव सांगितले : चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच, आपण त्यास वाचा-अप्रॅक्सिया म्हणू.

सेमिनरीत शिकलेले थोडेसे ग्रीक येथे आमच्या कामास आले. 'प्राक्सिस' म्हणजे कृती. त्यामागे आपल्याच भाषेतल्यासारखा नकाराचा 'अ' लागला आहे. करावयाचे काय ते ठाऊक आहे, अवयवांत बळ आहे, परंतु कृती जुळत नाही, अशी ही अवस्था. देवळातील बाजाच्या पेटीचे उदाहरण घ्या. वाजवणाऱ्याच्या बोटांत ताकद आहे, कान तयार आहेत, गीताची चाल मनात पक्की आहे. तरी कोणत्या पट्टीवरून कोणत्या पट्टीवर, किती जोराने आणि केव्हा जायचे हा हुकूम बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही. मग कधी सूर बरोबर लागतो, कधी शेजारचा लागतो, कधी हात हवेतच थांबतो. ऐकणाऱ्यास वाटते, ह्याला गीतच येत नाही. त्याला गीत येते.

आपण बोलतो तेव्हा सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज जातात. प्रत्येक अक्षरासाठी श्वास, कंठ, टाळू, जीभ, ओठ आणि जबडा ह्यांना आपापल्या जागी आपापल्या क्षणी यावे लागते, आणि एका अक्षराची जागा सोडता सोडताच दुसऱ्याची तयारी करावी लागते. हा सारा आराखडा मेंदू आखतो. बहुतेक मुले तो खेळता खेळता, कोणी न शिकवता, आत्मसात करतात. काही थोड्या मुलांना तो आपोआप साधत नाही. हजार मुलांमागे एक किंवा दोन असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे आमच्या जोयडा तालुक्यासारख्या विरळ वस्तीच्या मुलखात अशी मुले मोजकीच असणार. परंतु मोजकी असल्यामुळेच ती कोणाच्या ध्यानात येत नाहीत, आणि 'मुका', 'खुळा' अशा एखाद्या नावाखाली कायमची गाडली जातात.

आता आईबापांनी हे ओळखावे कसे? येथे थोडे सावकाश जाऊ या.

बोबडे बोलणे आणि हा विकार ह्यांत पहिला भेद करावा. बोबडे मूल 'राम'ला 'लाम' म्हणते, 'रोटी'ला 'लोटी' म्हणते. आज म्हणते, उद्याही तेच म्हणते. त्याची चूक ठरलेली असते, म्हणून घरच्यांना ती चटकन उमगते. अप्रॅक्सियाच्या मुलाची चूक ठरलेली नसते. 'पाणी' हा शब्द तीनदा म्हणावयास सांगा. तो एकदा 'पाई', एकदा 'माणी', एकदा 'नापी' होईल. दुसरी खूण स्वरांची. बोबड्या मुलाचे स्वर बहुधा शाबूत असतात. ह्या मुलाचे स्वरही घसरतात, 'दूध'चे 'दीद' होते. तिसरी खूण अशी की शब्द जसा लांबतो तसा तो मोडतो. 'घर' कसेबसे येते, 'घरात' म्हणताना अडखळते, 'घरातला' म्हणताना सारे कोसळते. आमच्या ह्या मुलास कोणी 'मुडली' म्हणावयास सांगितले की तो सरळ परसात जाऊन कंद उपटून आणी! त्यास तो मार्ग सोपा वाटे.

वाचा-उपचारक एक साधी परीक्षा घेतात, ती घरीही करून पाहता येते. चार-पाच वर्षांच्या मुलास 'प-प-प-प' असे भरभर म्हणावयास सांगावे, मग 'त-त-त-त', मग 'क-क-क-क'. हे बहुधा जमते. नंतर 'प-त-क, प-त-क' असे म्हणावयास सांगावे. अप्रॅक्सियाचे मूल येथे अडते. कारण एकाच जागी घाव घालणे आणि तीन जागी क्रमाने घाव घालणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु हे करून पाहिल्यावर आपणच निकाल देऊ नये. ती केवळ वैद्याकडे जाण्याची सूचना समजावी.

अशा मुलाच्या बोलण्याला लयही नसते. प्रत्येक अक्षर सुटे, सारख्याच जोराचे, मध्ये पोकळी असलेले. पायरीपायरीने दगड ठेवीत ओढा ओलांडावा तसे. आणि पुष्कळ माता मागाहून आठवून सांगतात की, हे मूल तान्हेपणीही 'बा-बा-बा, दा-दा-दा' असे फारसे बडबडत नव्हते. 'फार शांत लेकरू' म्हणून सारे त्याचे कौतुक करीत. हसणे, रडणे, ओळखणे, बोट धरून नेणे, खुणा करणे, हे सारे मात्र उत्तम. समज पुष्कळ आणि वाचा अल्प, ही तफावत हीच आईच्या डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारी गोष्ट.

ह्याच्या जोडीला साधारण वयोमान ध्यानी असावे. वर्षाच्या सुमारास एकदोन शब्द, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडून बोलणे ('आई दे', 'बाबा गेले' असे), तिसऱ्या वर्षी परक्या माणसालाही बहुतांश बोलणे कळणे, चौथ्या वर्षी जवळजवळ सर्व कळणे. मूल दोनचार महिने मागे असले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु दोन वर्षे पूर्ण होऊन मूल शब्द जोडीत नसेल, तर वाट पाहू नये. तीन वर्षांच्या आत अप्रॅक्सियाचे निदान पक्के करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते, कारण परीक्षेसाठी मुलाने थोडेफार बोलण्याचा यत्न तरी करावा लागतो. मात्र उपचारास आरंभ करण्यासाठी पक्क्या नावाची वाट पाहावी लागत नाही.

न बोलण्याची इतर कारणेही आहेत, आणि ती अप्रॅक्सियापेक्षा अधिक आढळतात. सर्वांत आधी बहिरेपण. थाळी वाजवल्यावर मूल वळले म्हणजे कान चांगले, असे समजू नये, कारण मोठा आवाज ऐकू येणारे मूलही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकत नसेल. तोतरेपण निराळे : तेथे शब्द येतो, परंतु पहिल्या अक्षरावर अडकतो. लाळ गळते, चावता-गिळता त्रास होतो, ठसका लागतो, तर स्नायूंच्या दुर्बलतेचा विचार करावा लागतो. मूल डोळ्यांत पाहत नाही, हाक मारल्यास वळत नाही, एकटेच एका खेळात गुंग असते, तर त्याचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा. कधी दोन गोष्टी एकत्रही नांदतात. ही निवड करणे तज्ज्ञांचे काम आहे.

आता ज्याविषयी आम्हांस थोडे कडक बोलले पाहिजे ते. ज्या घरात मूल बोलत नाही त्या घरात बोट बहुधा मुलाच्या आईकडे जाते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, तिन्हीसांजेस ओढ्यावर गेली, कोणाची दृष्ट लागली, माहेरचेच रक्त असे! आमच्या ख्रिस्ती घरांतूनही हे बोलले जाते, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. पुष्कळ मुलांच्या बाबतीत अप्रॅक्सियाचे कारण सापडतच नाही. काहींच्या बाबतीत ते जन्मजात, शरीराच्या अतिसूक्ष्म घडणीतले असते. लंडनमध्ये असे एक कुटुंब आढळले की, त्याच्या तीन पिढ्यांतील सुमारे निम्म्या माणसांना बोलण्याची हीच अडचण होती. 1990 साली वैद्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि 2001 साली सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात त्याचे मूळ सापडले. त्या जनुकास 'फॉक्स पी टू' असे नाव आहे. असा बदल फार थोड्या मुलांत आढळतो. परंतु ग्रहणाचा, दृष्टीचा किंवा आईच्या वागण्याचा ह्याच्याशी सुतराम संबंध नाही, हे सांगण्यास तो एक दाखला पुरेसा आहे. त्या सुनेला सासूदेखत आम्ही हे सांगितले, तेव्हा ती प्रथमच आमच्याकडे मान वर करून पाहू लागली.

उपायांच्या नावाखाली जे चालते तेही पाहा. वेखंड उगाळून जिभेवर चोळणे, पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घालणे, मध चाटवणे. पेरूने मुलाचे पोट तरी भरते. ह्यापलीकडे त्या उपायांचा उपयोग नाही, आणि वेखंडाने लहान मुलास उलट्या होतात हे आजीबाईंनी विसरू नये. जिभेखालचा पडदा कापून घ्या, असा सल्लाही पुष्कळ देतात. तो पडदा फार आखूड असेल तर दूध पिण्यास किंवा काही ध्वनींस अडथळा होऊ शकतो; परंतु अप्रॅक्सिया त्यामुळे होत नाही, म्हणून कापल्याने बराही होत नाही. फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, जीभ नाकाला लावणे असले व्यायामही बोलणे शिकवीत नाहीत. बोलणे हे बोलूनच शिकावे लागते.

ह्या विकारावर गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही. उपाय आहे तो सरावाचा, आणि तो ठरावीक रीतीने करावयाचा. शिकवणारा मुलाच्या समोर, तोंड दिसेल असा बसतो. 'माझ्याकडे पाहा,' असे म्हणून एक लहान शब्द सावकाश उच्चारतो. मग दोघे एकदमच तो म्हणतात. मग शिकवणारा केवळ ओठ हलवतो आणि मूल आवाज काढते. मग मूल त्याच्यामागून एकटे म्हणते. शेवटी विचारल्यावर आपणहून म्हणते. कोठे अडले की एक पायरी खाली यावयाचे. शब्दही निवडून घ्यावयाचे, मुलाला दिवसभर उपयोगी पडतील असे : 'आई', 'दे', 'ये', 'नको'. ह्यांतील 'नको' तर फारच मोलाचा. ज्या मुलाला 'नको' म्हणता येत नाही ते ओरडून, लाथा मारून तेच सांगते, आणि आपण त्यास हट्टी म्हणतो. एकेक शब्द शेकडो वेळा म्हणून घ्यावा लागतो. आरंभी आठवड्यातून तीन ते पाच वेळा तज्ज्ञापुढे बसणे उत्तम, असे जाणकार सांगतात.

आठवड्यातून तीन वेळा! आमच्या तालुक्यातील माणसाने हे वाचून हसावे की रडावे? एका बसने रामनगर, दुसऱ्या बसने बेळगाव. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली आणि भाड्याचे पैसे गेले ते निराळेच. पावसाळ्यात ओढे चढले की वाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत येणेही कठीण. म्हणून आमच्या ह्या कुटुंबाने तडजोड केली आहे. महिन्यातून दोनदा आई मुलाला घेऊन जाते. तेथील बाई आईलाच शिकवतात. मधल्या दिवसांत आई घरी सराव घेते. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटे. चूल पेटताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. एक तास एकदम बसवण्यापेक्षा असे थोडे थोडे वारंवार करणे अधिक फळते. मूल चुकले तर 'असे नाही रे' म्हणून हिणवू नये. आपण तो शब्द नीट, सावकाश म्हणून दाखवावा आणि पुढे जावे. पाहुण्यांपुढे 'बोलून दाखव' असे तर कधीच म्हणू नये. घाबरले की त्याची वाट अधिकच बंद होते.

रात्रीच्या जपमाळेचा येथे अनपेक्षित उपयोग झाला. सारे घर एका लयीत, एका सुरात, तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हणते. एकत्र म्हणणे आणि पुन्हा पुन्हा म्हणणे हे तर उपचाराचेच अंग. मुलाने सर्व म्हणावे अशी अपेक्षा ठेवलीच नाही. प्रत्येक 'नमो मरिये'च्या शेवटी आजी त्याच्याकडे तोंड करून थांबे, आणि दोघे मिळून 'आमेन' म्हणत. पहिल्या आठवड्यात नुसते 'आ'. मग 'आ-मे'. शेवटचा 'न' यायला पुढचे दोन महिने लागले.

दरम्यान मुलाला आपले मन सांगण्याचे साधन लागतेच. वहीत चित्रे चिकटवून द्यावी : पाणी, भात, पोट दुखते, शाळा, झोप. खुणा ठरवाव्या. ज्यांच्या घरी मोबाईल आहे त्यांना चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी सोय त्यात मिळते. 'असे केले तर तो आळशी होईल, बोलणारच नाही,' ही भीती पुष्कळांना वाटते. अनुभव उलट आहे. ज्याचे म्हणणे समजून घेतले जाते ते मूल अधिक बोलू पाहते.

आणखी एक शंका आमच्या सीमेवरील घरांतून हमखास निघते. घरी कोंकणी, बाजारात मराठी, शाळेत कानडी; तीन भाषांच्या ओढाताणीतच पोराची जीभ गोंधळली असेल काय? नाही. दोन-तीन भाषा कानी पडल्याने हा विकार होत नाही. त्यापायी घरची भाषा सोडून मोडक्यातोडक्या कानडीत मुलाशी बोलणे म्हणजे त्याची आईच त्याच्यापासून तोडणे होय. ज्या भाषेत आई अंगाई म्हणते त्याच भाषेत सरावाचे पहिले शब्द असावे.

शाळेविषयी थोडक्यात. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलास शाळेने नाकारू नये, असा 2009 चा शिक्षणहक्क कायदा आहे. आणि 2016 च्या दिव्यांगांच्या कायद्यात वाचा व भाषा ह्यांच्या अपंगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे. ह्या मुलास तोंडी उत्तराऐवजी पाटीवर, बोटाने किंवा चित्राने उत्तर देऊ द्यावे, एवढीच विनंती शिक्षकास करावी. पुढे वाचन-लेखनातही अशा मुलांना अडचण येऊ शकते, म्हणून अक्षरओळखीकडे आधीपासून लक्ष हवे.

मदत कोठे मिळेल? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचे फिरते वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत मुलांस तपासते. उशिरा बोलणे हे त्याच्या तपासणीच्या यादीतच आहे, आणि तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील तपासणीस पाठवण्याची सोय आहे. परंतु पथकापुढे पन्नास मुले रांगेत असतात, आणि बोलता न येणारे मूल तक्रार कशी करणार? म्हणून पथक येण्याच्या दिवशी आईने स्वतः जाऊन सांगावे. ह्या विषयातील आपल्या राज्याची मोठी संस्था म्हैसूर येथे आहे : अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, स्थापना 1966. दूरच्या रुग्णांना दूरसंपर्काच्या पडद्यावरून शिकवण्याचीही व्यवस्था तेथे आहे. मुंबईस ज्यांचे नातलग आहेत त्यांना वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था जवळची. ती 1983 पासून ह्याच कामात आहे.

आता आमच्या अंगणातील गोष्ट. ह्या वर्षी मुलगा सात वर्षांचा झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याच्या वयाची मुले पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करू लागली, आणि शिकवणाऱ्या ताईंनी आम्हांस प्रामाणिकपणे विचारले, "फादर, ह्याला प्रार्थना म्हणता येत नाहीत. पुढल्या वर्षी ठेवू का?" आम्ही 'हो' म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात त्या वृद्धेचे खाली घातलेले डोळे आम्हांस आठवले.

आम्ही पुस्तके काढून पाहिली. दहावे पायस पोप ह्यांच्या आज्ञेने 1910 साली निघालेल्या आदेशाने बालकांसाठी ख्रिस्तप्रसादाचे दार उघडले. त्यात साधारण सातव्या वर्षाचे वय सांगून, साध्या भाकरीत आणि ख्रिस्तप्रसादात भेद ओळखणे हीच मुख्य कसोटी ठरवली आहे. 1983 च्या धर्मविधानातील 913 वे कलमही मुलाच्या कुवतीप्रमाणे समज आणि भक्ती मागते. घडाघडा म्हणून दाखवण्याची अट ह्यांपैकी कोठेही नाही. तेच धर्मविधान, ज्याला बोलता येत नाही त्याची विवाहाची संमतीही खुणेने ग्राह्य धरते. मग एका बालकाकडून आम्ही पाठांतराची अट का घालावी? संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील त्या माणसासाठी जो मूळ शब्द आहे, त्याचा अर्थ 'कष्टाने बोलणारा' असा होतो. प्रभूने त्यास लोकांच्या गर्दीतून बाजूला नेले, हा तपशील आजवर आमच्या ध्यानातून निसटला होता.

तेव्हा आम्हीही मुलास बाजूला घेतले. मेजावर एक साधी भाकरी ठेवली आणि त्यास विचारले, "येशू ह्यात आहे का?" त्याने मान हलवून नकार दिला, आमचे बोट धरले, आम्हांस ओढीत देवळात नेले, पवित्र पेटीपुढे दिव्याकडे बोट दाखवले आणि गुडघे टेकले. ताई दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याचे नाव ह्याच वर्षीच्या यादीत लिहिले.

आज दहा महिन्यांनंतर त्याच्याजवळ सुमारे चाळीस शब्द आहेत. परक्याला त्यांतील निम्मेही कळत नाहीत. वाट लांबची आहे आणि वर्षे लागतील, असे बेळगावच्या बाईंनी स्पष्ट सांगितले आहे. 'आजी' मात्र तो आता मागाल तेव्हा म्हणतो. ह्या श्रावणात वृद्धा त्याच्याकडून तो शब्द इतक्यांदा म्हणवून घेई की अखेर त्याने तिला 'नको' म्हटले, आणि तेही स्वच्छ.

आमच्या धर्मग्रामातील कोणाच्या घरी, अथवा शेजारी (धर्म कोणताही असो), असे मूल असल्यास त्यास रविवारी मिस्सानंतर दवाखान्यात सिस्टरांकडे आणावे. बेळगावच्या पहिल्या दोन खेपांचे भाडे गरीब-निधीतून देण्याचे मंडळाने मान्य केले आहे. येताना मुलाच्या जन्माचा दाखला आणावा. कोणाजवळ मोबाईल असेल तर मूल घरी खेळताना बोलते त्याचे दोन मिनिटांचे चित्रण करून आणावे, कारण परक्या ठिकाणी ते तोंड उघडणार नाही. आणि त्याला येणारे शब्द, तो जसे म्हणतो तसेच, कागदावर लिहून आणावे. लिहिता येत नसेल तर आजीला सोबत आणावे. तिला ते सारे पाठ असतात.